बंद विमानतळाच्या शेजारी

दिनांक २३ मे २००८ च्या मध्यरात्री बंगळूरच्या एच.ए.एल. विमानतळावरून होणारी नियमित प्रवासी वाहतूक थांबली आणि दुसऱ्या दिवसापासून शहराचा सारा हवाई प्रवास उत्तरेकडे, देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळावर गेला. मुंबई-पुण्याहून कामानिमित्त बंगळूरला येणाऱ्या कित्येकांना तो जुना विमानतळ अजून आठवत असेल. दाटीवाटीची प्रतीक्षागृहे, अपुऱ्या खुर्च्या आणि सामान घेऊन बाहेर पडताच सुरू होणारी रिक्षावाल्यांची लगबग! परंतु त्या गैरसोयीच्या मोबदल्यात प्रवाशाला एक अपूर्व गोष्ट पाहावयास मिळे. विमान धावपट्टीवर टेकता टेकता खिडकीतून कारखान्याचे हँगर दिसत आणि क्वचित प्रसंगी एखादे चाचणीचे लढाऊ विमानही दृष्टीस पडे. जिथे विमाने घडतात त्याच धावपट्टीवर आपण उतरत आहोत, ही जाणीव इतरत्र कुठेही होत नसे.

प्रवासी गेले, पण धावपट्टी बंद झाली नाही. कारखान्याची व हवाई दलाची उड्डाणे तेथून होतच राहिली. बंद झाले ते सर्वसामान्य माणसाचे त्या जागेशी असलेले नाते. आता ‘जुना विमानतळ मार्ग’ हे नाव तेवढे लोकांच्या तोंडी उरले आहे. ज्या विमानतळावर कुणी प्रवासी जात नाही, त्याचे नाव मिरविणाऱ्या या रस्त्यावर हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड या संस्थेचे वारसा केंद्र व विमान संग्रहालय आहे. ते ऑगस्ट २००१ मध्ये खुले झाले. एका दालनात १९४० पासूनचा दशकवार इतिहास छायाचित्रांतून मांडलेला आहे, दुसऱ्यात विमानांची इंजिने आहेत आणि बाहेर झाडांच्या सावलीत निवृत्त विमाने उभी आहेत.

बंगळूरला बदलून आलेले अनेक मराठी कर्मचारी लालबाग पाहतात, म्हैसूरला जाऊन येतात. या आवाराकडे मात्र फारसे कुणी वळत नाही. वास्तविक येथील कथेची सुरुवात सोलापूर आणि कोल्हापूर या दोन गावांच्या माणसांनी केलेली आहे.

सोलापूरचे शेठजी

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. जहाज, मोटार आणि विमान या तिन्ही वस्तू हिंदुस्थानातच तयार व्हाव्यात, हा त्यांचा ध्यास होता. १९१९ मध्ये ‘लॉयल्टी’ ही त्यांच्या सिंदिया कंपनीची आगबोट मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. विशाखापट्टणमची जहाजगोदी १९४१ मध्ये पायाभरणीपर्यंत आली आणि कुर्ल्याचा मोटारींचा कारखाना १९४४ मध्ये स्थापन झाला. विमानाच्या कारखान्याची कल्पना मात्र खुद्द विमानातच पक्की झाली. १९३९ साली परदेशप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानांची जुळणी करणारा कारखाना चालवीत असत. युद्ध सुरू झालेले, ब्रिटिश सरकारला विमानांची निकड, आणि शेजारी बसलेला मनुष्य नेमका विमाने बनविणारा! वालचंदांसारख्या उद्योजकाने ही संधी सोडली असती तरच नवल.

कारखान्यासाठी जागेचा शोध सुरू झाला तेव्हा म्हैसूर संस्थानाने सर्वांत उत्सुकतेने हात पुढे केला. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी सुमारे सातशे एकर जमीन दिली आणि संस्थानाने भांडवलातही वाटा उचलला. २३ डिसेंबर १९४० रोजी ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनीची नोंदणी झाली. बंगळूरची हवा, स्वस्त वीज, भारतीय विज्ञान संस्थेचे सान्निध्य आणि समुद्रकिनाऱ्यापासूनचे सुरक्षित अंतर, असे सारेच जुळून आले. आज बंगळूर ही देशाच्या विमानविद्येची राजधानी मानली जाते. त्याचे मूळ एका संस्थानी दिवाणाने आणि सोलापूरच्या एका व्यापाऱ्याने केलेल्या त्या करारात आहे.

१९४१ मध्ये हार्लो नावाच्या अमेरिकन शिकाऊ विमानाची येथे जुळणी होऊन ते आकाशात गेले. तथापि वालचंदांच्या हाती हा कारखाना फार काळ राहिला नाही. जपानी सैन्य ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपल्यावर १९४२ मध्ये भारत सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. पुढे युद्धकाळापुरता कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात गेला आणि विमान दुरुस्तीचे पूर्वेकडील एक प्रचंड ठाणे बनला. युद्ध संपताच ते काम एकाएकी थांबले. हजारो कुशल कामगारांना काम पुरवायचे कसे, हा पेच पडला. तेव्हा याच कारखान्यात रेल्वेचे डबे आणि बसगाड्यांचे सांगाडे तयार होऊ लागले. विमानांचा कारखाना रेल्वेचे डबे बनवितो म्हणून त्या काळी कुणी नाके मुरडली असतील. परंतु त्या डब्यांनी कामगारांचे हात मोडू दिले नाहीत, असे मला वाटते. हात टिकले म्हणूनच पुढचे विमान झाले.

हसूरचे घाटगे

ते पुढचे विमान म्हणजे एच.टी.-२. संग्रहालयाच्या आवारात प्रथम याच्यापाशी जावे. शेजारच्या रुबाबदार जेट विमानांपुढे ते अगदी साधे दिसते. एकामागे एक अशा दोन बैठका, धडाच्या खालच्या अंगाला जोडलेले पंख, पुढे पंखा आणि शेपटीखाली लहानसे चाक. एकूण लांबी साडेसात मीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या मालमोटारीएवढी. परंतु भारतीयांनी आराखडा काढून, भारतात घडवून, मालिकेने उत्पादनात आणलेले हे पहिले विमान होय. १९४८ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली आणि ऑगस्ट १९५१ मध्ये त्याने पहिले उड्डाण केले.

त्याचे शिल्पकार डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचे. जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा. ज्या काळात आपल्याकडच्या बहुसंख्य लोकांनी विमान जवळून पाहिलेही नव्हते, त्या काळात हे गृहस्थ जर्मनीत गॉटिंगेन येथे जाऊन लुडविग प्रांटल यांचे शिष्य झाले. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक. वाहत्या हवेचा वस्तूच्या पृष्ठभागाला चिकटून असलेला पातळ थर कसा वागतो, याचा सिद्धान्त त्यांनी १९०४ मध्ये मांडला, आणि पंखाचा आकार कसा असावा हे त्यानंतर अंदाजाने नव्हे तर गणिताने ठरू लागले. अशा गुरूच्या हाताखाली घाटगे यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविली. मायदेशी परतल्यावर ते नव्या कारखान्यात रुजू झाले. युद्धकाळात त्यांनी दहा आसनी ग्लायडरचा आराखडा तयार केला. भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये विमानविद्येचे शिक्षण सुरू झाले, तेव्हा त्या विभागाच्या उभारणीतही त्यांचा प्रमुख सहभाग होता. म्हणजे विमान घडविणे आणि विमान घडविणारी माणसे घडविणे ही दोन्ही कामे हा मनुष्य एकाच वेळी करीत होता.

शिकाऊ विमानाचा आराखडा काढणे ही वाटते तितकी सोपी गोष्ट नव्हे. लढाऊ विमान तयार वैमानिकाच्या हाती जाते. शिकाऊ विमान मात्र ज्याला अजून काहीच येत नाही त्याच्या हाती द्यायचे असते. नवशिक्याच्या चुका त्याने सोसल्या पाहिजेत, पण चूक झाली हे त्याला कळूही दिले पाहिजे. विमान फारच सोशिक असेल तर विद्यार्थी काही शिकत नाही आणि फारच तल्लख असेल तर शिकण्यापूर्वीच अनर्थ ओढवतो. एच.टी.-२ चे शेपटीचे चाक याच शिस्तीचा भाग म्हणता येईल. जमिनीवर असताना या विमानाचे नाक वर असते, त्यामुळे वैमानिकाला समोरचे दिसत नाही. नागमोडी चालवीत, बाजूने डोकावत ते न्यावे लागते आणि उतरताना जराशी हयगय झाली की ते गर्रकन फिरू पाहते. अशा विमानावर हात बसलेल्या मुलाला पुढचे कोणतेही विमान अवघड वाटत नसे, असे जुने वैमानिक कौतुकाने सांगत.

एकूण पावणेदोनशेच्या आसपास एच.टी.-२ तयार झाली. हवाई दलाच्या शिक्षणसंस्थांमध्ये त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ सेवा केली. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या बिदरच्या तळावरही पिढ्यान्‌पिढ्या वैमानिकांनी या विमानावर पहिले धडे गिरविले. १९५९ मध्ये घाना या नवस्वतंत्र देशाच्या हवाई दलाने बारा विमाने खरेदी केली. स्वातंत्र्याला एक तपही झाले नसताना भारताने विमान निर्यात केले होते, हे आज किती जणांना ठाऊक असेल? घाटगे यांना पुढे ‘पद्मश्री’ मिळाली, १९९१ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले आणि जुन्या विमानतळ मार्गावरील एच.ए.एल. च्या सभागृह संकुलास त्यांचे नाव देण्यात आले. समारंभासाठी तेथे शेकडो लोक येतात. त्यांतील कितीजण त्या नावाकडे पाहून थबकतात हे सांगणे कठीण आहे. महाराष्ट्रात तर हे नाव बहुतेकांना अपरिचितच आहे. घरोघरी लेखक, नट आणि खेळाडू ठाऊक असतात. प्रांटलच्या मराठी शिष्याचे नाव मात्र सांगावे लागते.

घाटगे यांच्याच कारकिर्दीत ‘पुष्पक’ आले. १९५८ मध्ये उडालेले हे दोन आसनी, कापडी आवरणाचे विमान देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोहोचले आणि हौशी वैमानिकांच्या एका पिढीने त्यावर परवाने मिळविले. त्यापाठोपाठ ‘कृषक’ आणि मग १९६४ मध्ये ‘किरण’ हे जेट शिकाऊ विमान. हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ पथकाच्या कसरती ज्यांनी २०११ पूर्वी पाहिल्या असतील, त्यांनी हेच विमान पाहिले आहे. नॅट हे मूळ ब्रिटिश, पण येथे तयार झालेले चिमुकले लढाऊ विमान आणि त्याची सुधारलेली आवृत्ती ‘अजित’ यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही.

मरुत

आवारातील सर्वांत देखणे विमान कोणते, असे विचारल्यास लहान मुलेसुद्धा एच.एफ.-२४ ‘मरुत’कडे बोट दाखवितात. लांबट, निमुळते धड, मागे झुकलेले पंख आणि एकही अनावश्यक रेषा नसलेली आकृती. पाहणाऱ्याला ते उभे असतानाही वेगात असल्याचा भास होतो. त्याची कहाणी मात्र सुखान्त नाही.

१९५६ मध्ये भारत सरकारने कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याला बंगळूरला पाचारण केले. महायुद्धातील फोके-वुल्फ १९० या विमानाचे ते जनक. युद्धानंतर काही वर्षे अर्जेंटिनात काढून ते आपल्या सहकाऱ्यांसह येथे आले. ज्या कारखान्याने तोवर एक शिकाऊ विमान तेवढे स्वतः घडविले होते, तिथे ध्वनीच्या दुप्पट वेगाचे लढाऊ विमान घडविण्याची ही झेप होती. प्रथम त्याच आकाराचे इंजिनाविना लाकडी ग्लायडर बनविण्यात आले. १९५९ पासून डाकोटा विमानाच्या मागे दोराने बांधून ते वर नेत आणि सोडून देत. अशी कित्येक उड्डाणे करून पंख व सुकाणू यांचे गुणधर्म तपासले गेले. पुढे जून १९६१ मध्ये विंग कमांडर सुरंजन दास यांनी पहिले मरुत बंगळूरच्या आकाशात नेले. पंडित नेहरूंच्या काळातील स्वावलंबनाच्या स्वप्नाला त्या दिवशी अक्षरशः पंख फुटले होते.

घोडे अडले ते इंजिनापाशी. मरुतचा आराखडा ज्या शक्तिशाली ब्रिटिश इंजिनावर बेतलेला होता, त्याचा विकास ब्रिटनने थांबविला. खर्चाचा वाटा भारताने उचलल्यास काम पुढे नेण्याची तयारी उत्पादकांनी दाखविली होती. आपण नकार दिला. नॅटमध्ये वापरले जाणारे कमी शक्तीचे ऑर्फियस इंजिनच मग दोनाच्या जोडीने बसविण्यात आले. त्यानंतर शोधाशोध सुरू झाली. सोव्हिएत इंजिनाचा विचार झाला. इजिप्त स्वतःचे इंजिन तयार करीत होता, म्हणून एक मरुत तिकडे हेलवानला पाठवून चाचण्या घेण्यात आल्या. तोही प्रकल्प इजिप्तने गुंडाळला. शेवटी ऑर्फियसलाच ज्वलनाची जोड देऊन शक्ती वाढविण्याचा प्रयत्न झाला. असे सुधारित इंजिन असलेले विमान घेऊन १० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास उडाले आणि उड्डाणाच्या क्षणीच झालेल्या अपघातात त्यांचा अंत झाला. कारखान्याच्या परिसरातील एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. दररोज सहस्रावधी वाहने त्यावरून जातात.

इंजिनासाठीचा तो खर्च न करण्याचा निर्णय योग्य होता की अयोग्य? त्या वेळी परकीय चलनाची टंचाई किती तीव्र होती, हे बँकेत काम करणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. एकेका पौंडाचा हिशेब द्यावा लागे. तरीही मला असे वाटते की, ज्या विमानावर एवढा खर्च आणि एवढी बुद्धी वेचली, त्याच्या इंजिनाला हात आखडता घेणे ही काटकसर महाग पडली. विमानाचे शरीर आपण घडविले, हृदय मात्र परक्याकडे मागत राहिलो. एच.टी.-२ चे सिरस इंजिनही ब्रिटिशच होते. पुढे ४ जानेवारी २००१ रोजी याच धावपट्टीवरून ‘तेजस’ प्रथम उडाले तेव्हा त्यात अमेरिकन इंजिन होते. संग्रहालयातील इंजिनांच्या दालनात फिरताना ही गोष्ट मनातून जात नाही.

मरुतला कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. सुमारे दीडशे विमाने तयार झाली. १९७१ च्या युद्धात राजस्थान-सिंध आघाडीवर दोन तुकड्यांनी ती वापरली आणि हवाई द्वंद्वात एकही मरुत पडले नाही. उलट ७ डिसेंबर रोजी स्क्वाड्रन लीडर के. के. बक्षी यांनी मरुतमधून शत्रूचे सेबर विमान पाडले. गोळीबारात एक इंजिन निकामी झाल्यावर दुसऱ्याच्या बळावर मरुत तळावर परतल्याच्या घटनाही घडल्या. शक्ती कमी असलेल्या त्या दोन इंजिनांनी वैमानिकांचे प्राण मात्र वाचविले. १९९० पर्यंत ही विमाने सेवेतून गेली. आता एक मरुत या संग्रहालयात आहे, एक कस्तुरबा मार्गावरील विश्वेश्वरय्या औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालयात, एक मुंबईच्या वरळी येथील नेहरू विज्ञान केंद्रात, आणि एक थेट म्युनिकजवळ श्लाइसहाइम येथे, टांक यांच्या मायदेशी.

पुस्तकी किंमत

आम्हा बँकेतील मंडळींना घसाऱ्याचे गणित पाठ असते. खुर्ची, टेबल, संगणक, सगळ्यांची किंमत दरवर्षी कमी होत जाते आणि एके दिवशी ताळेबंदात एक रुपया उरतो. निवृत्त विमानाचेही तसेच होते. सेवेच्या वहीतून त्याचे नाव खोडले की ते कागदोपत्री भंगार ठरते. मग त्याच्यापुढे दोनच मार्ग असतात. कुणीतरी त्याला मागून घेते, रंगवून उभे करते. नाहीतर त्याचे तुकडे होतात. शिवाय उभे करून ठेवणे हासुद्धा एकदाच करावयाचा खर्च नव्हे. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला पाऊस लागतो, रबर विरते, काच पिवळी पडते, पंखांच्या पोकळीत पक्षी घरटी बांधतात. दरवर्षी रंग, दरवर्षी डागडुजी. उद्घाटनासाठी पैसा सहज उभा राहतो. दहाव्या वर्षीच्या रंगासाठी मात्र अर्ज करावा लागतो.

विमानांचे संग्रहालय कसे बंद पडते हे मुंबईकरांनी डोळ्यांदेखत पाहिले आहे. ‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू युद्धनौका. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ती नौदलात दाखल झाली. १९७१ मध्ये एका बाष्पकात तडे गेलेले असतानाही ती बंगालच्या उपसागरात उतरली आणि तिच्यावरील सी हॉक व अलिझे विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव येथील लक्ष्यांवर मारा केला. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली आणि २००१ पासून मुंबईच्या नौदल गोदीत तरंगते संग्रहालय म्हणून लोकांना पाहावयास मिळू लागली. डिसेंबरातील नौदल सप्ताहात शाळकरी मुलांच्या रांगा लागत. विमाने वर-खाली नेणारा प्रचंड पाळणा आणि खालच्या हँगरमध्ये मांडलेली विमाने पाहून मुले हरखून जात. त्यांपैकी कुणी आज हे वाचत असेल तर त्याला तो वंगणाचा आणि समुद्राचा मिसळलेला वास आठवेल.

कायमस्वरूपी संग्रहालयाच्या घोषणा पुष्कळ झाल्या. पैसा मात्र उभा राहिला नाही. साठ-सत्तर वर्षे पाण्यात असलेले पोलाद झिजत होते. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव प्रेक्षकांना प्रवेश बंद करण्यात आला. त्यानंतर लिलाव झाला आणि सुमारे ६० कोटी रुपयांना ती भंगार म्हणून विकली गेली. नागरिकांनी उच्च न्यायालयात व सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, ती फेटाळली गेली. नोव्हेंबर २०१४ मध्ये दारूखान्याच्या किनाऱ्यावर तिचे तुकडे करण्यास प्रारंभ झाला. तिच्या पोलादाचा काही अंश एका मोटारसायकलच्या टाकीत गेला आणि ‘विक्रांतचे पोलाद’ म्हणून त्या गाड्या खपल्या. ज्यांना सी हॉक आणि अलिझे पाहावयाची असतील त्यांना आता गोव्यात, वास्को जवळच्या बोगमाळो येथील नौदलाच्या विमान संग्रहालयात जावे लागते. ते १९९८ पासून आहे.

बंगळूरचे संग्रहालय या बाबतीत भाग्यवान म्हणावे लागेल. ज्या कारखान्याने विमाने घडविली तोच त्यांची देखभाल करतो; रंग उडाला तर रंगारी शेजारीच आहे. अलीकडे या आवारातील एका विमानाचे महत्त्व वाढले आहे. ज्या मिग-२१ ची निर्मिती नाशिकजवळच्या ओझर येथे आणि या संस्थेच्या अन्य विभागांत झाली, ते २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झाले. सहा दशके जे आकाशात होते, ते आता चौथऱ्यावर तेवढे दिसेल.

कानपूरचे भंगार

या विषयातील माझी सर्वांत आवडती हकीकत मुद्दामच शेवटी ठेवली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाची लिबरेटर ही चार इंजिनांची अमेरिकन बॉम्बफेकी विमाने कानपूरच्या तळावर टाकून देण्यात आली होती. अमेरिकेशी झालेल्या उधारीच्या कराराप्रमाणे ती परत तरी करावयाची किंवा नष्ट तरी करावयाची होती. म्हणून जाताना ब्रिटिशांनी ती बुद्ध्याच निकामी केली. उपकरणे फोडली, इंजिनांत वाळू ओतली, काहींचे सांगाडे आपटून वाकविले. ही विमाने पुन्हा उडतील अशी कल्पनाही त्यांनी केली नव्हती.

१९४८ मध्ये भारताजवळ एकही जड बॉम्बफेकी विमान नव्हते. तेव्हा बंगळूरच्या कारखान्याकडे विचारणा झाली. माणसे कानपूरला गेली. या विमानातले सुटे भाग काढून त्या विमानाला जोडून, ते एकदा उडण्याइतपत तयार करावयाचे आणि बंगळूरला न्यायचे, असा बेत ठरला. उडवून नेणार कोण? कारखान्याचे चाचणी वैमानिक कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते काम पत्करले. लिबरेटर त्यांनी पूर्वी कधीच चालविलेले नव्हते. माहितीपुस्तिका वाचून त्यांनी ते आत्मसात केले आणि एकेक करून सुमारे चाळीस विमाने दीड हजार किलोमीटरवरील बंगळूरला सुखरूप आणली. प्रत्येक खेपेला खालचे विमान वेगळे आणि त्यात कोणता दोष दडलेला आहे हे वर गेल्यावरच कळणार. रेल्वेचे डबे जोडणारे हात आता पुन्हा विमानांना लागले. पुरती दुरुस्त होऊन ही विमाने हवाई दलाच्या पाचव्या व सहाव्या तुकडीत गेली. पुण्याच्या लोहगाव तळावर अनेक वर्षे त्यांचा मुक्काम होता. पन्नास-साठच्या दशकांतील पुणेकरांनी चार इंजिनांच्या त्या संथ घरघरीसह ती डोक्यावरून जाताना पाहिली आहेत. १९६८ मध्ये ती निवृत्त झाली.

आणि तोवर जगात इतरत्र जवळजवळ सारी लिबरेटर वितळवून झाली होती! अठरा हजारांहून अधिक तयार झालेल्या या विमानाचे नमुने शोधत पाश्चात्त्य संग्रहालये भारताच्या दारी आली. एक अमेरिकेत ॲरिझोना राज्यात टूसॉनच्या संग्रहालयात गेले. एक कॅनडाने घेतले आणि त्याच्या बदल्यात आपल्याला लायसँडर हे जुने विमान दिले. ते दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे, आणि तेथेच आपण आपल्यासाठीही एक लिबरेटर राखून ठेवले. आणखी एक विमान इंग्लंडमार्गे अमेरिकेतील एका प्रतिष्ठानाकडे पोहोचले आणि नव्याने दुरुस्त होऊन पुन्हा आकाशात गेले. १९७४ मध्ये भारताने एक लिबरेटर खुद्द ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयाला भेट दिले. स्वतःच्याच शक्तीने उडत ते इंग्लंडला पोहोचले. लंडनला मुलाबाळांकडे जाणारे आमचे अनेक ग्राहक आहेत. त्यांनी एखादा दिवस काढून हेंडनच्या त्या संग्रहालयात जावे आणि के.एन. ७५१ या क्रमांकाचे विमान पाहावे. ब्रिटिशांनी मागे टाकलेले आणि बंगळूरच्या कामगारांनी पुन्हा उभे केलेले लिबरेटर ते हेच.